गाठ लागली आहे, पण तपासणीला पाऊल उचलत नाही

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: वय 43. नोकरी, घर, नवरा आणि दोन मुलं. तीन आठवड्यांपूर्वी अंघोळ करताना डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नाही. घराण्यात कुणालाही कर्करोग झालेला नाही. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी स्तनांच्या तपासणी केंद्रात जाण्यासाठी चिठ्ठी दिली, ती अजून पर्समध्येच आहे. एक मैत्रीण म्हणते, "दुखत नाही ना, मग काही नसतं." दुसरी म्हणते, "सुई टोचली की पसरतं, त्या भानगडीत पडू नकोस." मोठ्या मुलाची परीक्षा दीड महिन्यावर आहे. ती झाल्यावर गेलं तर चालेल का, तिथे नेमकं काय करतात, पुरुष डॉक्टर असले तर काय, आणि नवऱ्याला आत्ताच सांगावं का, असं त्या विचारतात. शेवटी लिहितात, "गेले तर कळेल, आणि कळलं तर सगळं बदलेल. म्हणून जावंसं वाटत नाही."

ताई,

दीड महिना थांबू नका. येत्या आठवडा-दोन आठवड्यांत मिळेल ती पहिली वेळ घ्या. आज रात्रीच धावत जायला हवं, असंही नाही. स्तनातली गाठ वाईट निघाली तरी ती सहसा महिनोन्‌महिने, कधीकधी वर्षानुवर्षं वाढत आलेली असते. चार-आठ दिवसांनी बिघडत नाही, महिने गेले की बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनांच्या कर्करोगासाठी जे उद्दिष्ट ठरवलं आहे, त्यात बाईने पहिल्यांदा डॉक्टरला दाखवल्यापासून 60 दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं, असं म्हटलं आहे. तुम्ही दाखवून दोन आठवडे झाले. त्यात तुमचा दीड महिना धरा. पहिला फोटो निघायच्या आधीच ते दिवस संपत येतात. आणि परीक्षेनंतर निकाल असतो, निकालानंतर प्रवेश असतो. घरातली कामं कधीच अशी संपत नाहीत की आता स्वतःकडे बघायला हरकत नाही.

तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तपासणीला गेल्यामुळे काहीतरी घडेल आणि न गेल्यामुळे सगळं आहे तसं राहील, असं तुम्ही धरून चालला आहात. पण गाठ जी काही आहे, ती आत्ताही तीच आहे. डॉक्टरांनी बघितल्याने ती वेगळी होणार नाही. गेले तीन आठवडे तुम्ही जे सोसताय, ते तर न जाताच सोसताय. पत्रात तुम्ही लिहिलंय की रात्री झोप लागत नाही, आणि दिवसातून कितीदा तरी हात तिकडे जातो. तपासणी केंद्रात हेच संपवतात: या गाठीला एक नाव देतात. ते नाव बहुतेक वेळा साधं असतं.

स्तनात लागणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सर्रास आढळते ती सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. पाळीच्या आधी ती फुगते, कधी दुखते, नंतर कमी होते. तरुण मुलींमध्ये फायब्रोअॅडिनोमा असतो, रबरासारखा आणि बोटाखाली सटकणारा. जुना मार लागल्यावर चरबीचा एखादा भाग कडक होऊन गाठ होते आणि ती कर्करोगासारखीच हाताला लागते. कधी गाठ नसतेच, स्तनाचा तेवढा भाग जाडसर, गुठळ्यागुठळ्यांचा असतो. यातलं तुमचं काय आहे, हे तुमचे नेहमीचे डॉक्टर, तुम्ही किंवा मी, कुणीच हाताने चाचपून ठरवू शकत नाही. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती याच कारणाने. "पुढे पाठवलं म्हणजे त्यांना संशय आला," असा अर्थ त्यातून काढू नका.

तुमच्या मैत्रिणीने दिलेला दिलासा मात्र मला काढून घ्यावा लागेल. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे खरं नाही. कर्करोगाच्या गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत, आणि दुखणाऱ्या गाठी पुष्कळदा साध्या असतात. दुखण्यावरून दोन्हीकडचा निष्कर्ष काढता येत नाही. घराण्यात कुणाला नाही, याचाही आधार घेऊ नका. स्तनांचा कर्करोग होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात तो आधी कुणालाच झालेला नसतो. आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कर्करोग साधारण 5 ते 10 टक्के. बाई असणं आणि वय वाढत जाणं, याखेरीज दुसरं कुठलंही खास कारण जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये सापडत नाही. हे मी घाबरवायला सांगत नाही. घाबरून टाळू नका आणि चुकीच्या कारणाने निश्चिंत होऊनही टाळू नका, एवढंच म्हणते.

आता तिथे काय होतं ते. या तपासणीचे तीन भाग असतात: हाताने तपासणं, फोटो काढणं आणि गरज पडली तर सुईने तुकडा घेणं. काही ठिकाणी तिन्ही एकाच दिवशी उरकतात, काही ठिकाणी दोन-तीन खेपा होतात. वेळ घेतानाच हे विचारून ठेवा, म्हणजे रजा किती टाकायची ते कळेल. शक्यतो अख्खा दिवस मोकळा ठेवा.

आधी प्रश्न. गाठ कधी लागली, पाळीबरोबर तिच्यात फरक पडतो का, स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त येतं का, पाळी कितव्या वर्षी सुरू झाली, मुलं कितव्या वर्षी झाली, अंगावर पाजलं का, हार्मोनच्या गोळ्या घेता का, घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का. वडिलांकडच्या आत्या-आजींचीही आठवण करून जा, ती बाजू पुष्कळजणी विसरतात. मग कमरेपर्यंतचे कपडे काढायला सांगतात. डॉक्टर आधी नुसतं बघतात: हात खाली, हात वर, हात कमरेवर दाबून. कुठे खळी पडते का, त्वचा ओढली जाते का, स्तनाग्र अलीकडे आत गेलंय का. मग झोपवून दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडावरचा भाग बोटांनी तपासतात. निरोगी बाजूही बघतात, त्याने दचकू नका, ती तुलनेसाठी असते. गाठ कुठे आहे ते तुम्ही स्वतः बोटाने दाखवा. ती उभं राहिल्यावरच लागत असेल तर तसं सांगा आणि उभं राहून दाखवा.

पुरुष डॉक्टरांबद्दल तुम्ही संकोचाने लिहिलंय. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. वेळ घेतानाच विचारा, "महिला डॉक्टर मिळतील का?" मिळाल्या तर उत्तम. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करणाऱ्या तंत्रज्ञ बहुतेक ठिकाणी बायकाच असतात. पुरुष डॉक्टर असले तर खोलीत नर्स किंवा तुमच्या ओळखीची बाई हजर असावी, असं मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तपासणी चालू असताना "जरा थांबा" म्हणण्याचाही. फक्त महिला डॉक्टर मिळत नाहीत म्हणून महिनाभर लांबवू नका. माझा जीव तेवढ्या एका गोष्टीसाठी तळमळतो, कारण लाजेपायी उशीर झालेली पत्रं मला येतात आणि त्यांना उत्तर देणं फार जड जातं.

फोटोंचं म्हणाल तर तुमच्या वयाला सहसा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही करतात. मॅमोग्राफीत स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये ठेवून काही सेकंद दाबतात. प्रत्येक बाजूचे किमान दोन, म्हणजे एकूण चार फोटो. दाब जाणवतो, काहींना दुखतंही, पण दर वेळी काही सेकंदच. स्तन जितका चपटा होतो तितकं आतलं स्वच्छ दिसतं आणि किरणंही कमी लागतात. किरणांची भीती वाटत असेल तर सांगते, निसर्गातून आपल्याला साधारण दीड-दोन महिन्यांत जेवढी किरणं आपोआप मिळतात तेवढीच ही असतात. त्या दिवशी काखेत डिओडरंट, पावडर, क्रीम लावू नका, त्यांचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसू शकतात. वरचा कपडा वेगळा काढता येईल असा पोशाख घाला. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात स्तन कमी हुळहुळे असतात, पण गाठ असताना त्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. पूर्वी कधी मॅमोग्राफी झाली असेल तर ते जुने फोटो आठवणीने न्या. नव्या-जुन्याची तुलना करून डॉक्टरांना जेवढं कळतं, तेवढं एका फोटोवरून कळत नाही.

सोनोग्राफी पोटाची होते तशीच. गाठ पाण्याची की भरीव, हे तिथे कळतं. पाण्याची असेल आणि त्रास देत असेल तर बारीक सुईने पाणी काढतात आणि पुष्कळदा गाठ तुमच्या डोळ्यांदेखत नाहीशी होते.

फोटो "नॉर्मल" आले तरी घाईने उठू नका. हाताला गाठ लागत असताना मॅमोग्राफी स्वच्छ येऊ शकते, विशेषतः ज्यांचे स्तन घट्ट असतात त्यांची. म्हणून तर तपासणीचे तीन भाग असतात. हाताने तपासलं तर शंका येते आणि फोटोत काही दिसत नाही, अशा वेळी चांगले डॉक्टर शंकेच्या बाजूने जातात आणि पुढची तपासणी करतात. निघण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: "तुमच्या हाताला जे लागलं, फोटोत जे दिसलं आणि तुकड्यात जे सापडलं, ते सगळं एकमेकांशी जुळतंय का?" जुळत नसेल तर तपासणी अजून संपलेली नाही.

आता सुई, जिने तुमची झोप उडवली आहे. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत मला दर काही दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या पत्रात भेटते. सुईने तुकडा घेतल्यामुळे बायकांचा आजार बळावला किंवा आयुष्य कमी झालं, असं दिसलेलं नाही. जगभर हीच पद्धत वापरतात, कारण उपचार काय करायचा हे त्या तुकड्यावरून ठरतं. त्या समजुतीने होणारं नुकसान मात्र खरं आहे: बाई घरी बसते, गाठ वाढते, आणि मग लोक म्हणतात, सुई लावल्यावरच वाढली.

तुकडा घेण्याला कोअर बायोप्सी किंवा ट्रूकट म्हणतात. झोपवून, सोनोग्राफीत बघत बघत, आधी भुलीचं इंजेक्शन देतात. ते क्षणभर चुरचुरतं. दोन-चार मिनिटांत तेवढी जागा बधिर होते. मग अगदी छोटी चीर देऊन सुई आत नेतात आणि स्प्रिंगने तुकडा घेतात. त्या वेळी "खट्ट" असा मोठा आवाज येतो. आधी सांगितलेलं नसलं तर बायका दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच जास्त दचकतात, म्हणून डॉक्टरांना तो एकदा बाहेरच ऐकवायला सांगा. असे काही तुकडे घेतात. सगळं मिळून साधारण अर्धा तास. टाके सहसा लागत नाहीत. नंतर पाच-दहा मिनिटं जागा दाबून धरतात, पट्टी लावतात आणि घरी सोडतात. काळानिळा डाग पडतो, दोन-चार दिवस दुखरं राहतं. त्या हाताने एक-दोन दिवस जड काही उचलू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. जागा खूप सुजली, लाल झाली, ताप आला किंवा रक्त थांबेना तर लगेच फोन करा.

एफएनएसी ही याहून बारीक सुईची तपासणी, तिच्यात नुसत्या पेशी मिळतात. भरीव गाठीसाठी ट्रूकट अधिक भरवशाची, कारण पेशी कशा रचलेल्या आहेत ते कळतं, आणि कर्करोग असलाच तर कुठल्या औषधाला तो दाद देईल तेही त्याच तुकड्यावर तपासता येतं. कुणी म्हणालं, "सुईबिई कशाला, छोटीशी तर आहे, सरळ काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू," तर तिथेच थांबा. हे मी फार जपून पण ठामपणे सांगते. गाठ काय आहे हे कळण्याआधी ती काढली आणि नंतर कर्करोग निघाला, तर पुढच्या शस्त्रक्रियेची आखणी अवघड होऊन बसते, आणि कधीकधी वाचू शकला असता तो स्तन वाचत नाही. आणि साधी निघाली, तर ती काढायची गरजच नव्हती. आधी सुई, मग निर्णय, हाच क्रम धरा.

रिपोर्टसाठी काही दिवस थांबावं लागेल. माझ्या मते सगळ्यात कठीण दिवस हेच, तपासणीचा नव्हे. रिपोर्ट कधी, कुणाकडून आणि कसा मिळणार हे त्याच दिवशी लिहून घ्या. फोनवर ऐकायचा की समोर बसून, हेही सांगून ठेवा. फोटोंच्या रिपोर्टवर बायरॅड्स नावाचा 0 ते 6 मधला एक आकडा असतो आणि तो वाचून घरोघरी रडारड होते. 0 म्हणजे वाईट नव्हे, आणखी फोटो हवेत. 1 आणि 2 म्हणजे काळजीचं काही नाही. 3 म्हणजे बहुधा साधीच गाठ, कर्करोगाची शक्यता 2 टक्के किंवा त्याहून कमी, सहसा सहा महिन्यांनी परत बघतात. 4 आला की तुकडा घेतात, पण या आकड्यात 2 पासून 95 टक्क्यांपर्यंतची शक्यता मावते, म्हणून नुसत्या 4 वरून काहीही ठरवू नका. 5 म्हणजे दाट संशय, आणि 6 आधीच निदान झालेल्यांसाठी. कुठलाही आकडा म्हणजे निदान नाही. निदान तुकड्यावरून होतं.

आता घरचं. नवऱ्याला सांगा, आणि तपासणीच्या आधी सांगा. तुम्ही लिहिता, "त्यांना उगाच टेन्शन." पण तीन आठवडे तुम्ही रात्री जाग्या असता, मुलांवर चिडता, हे तुमच्याच पत्रात आहे. त्यांच्या ते लक्षात आलं नसेल का? काय बिनसलंय ते कळत नसल्यामुळे ते कदाचित भलतीच काळजी करत असतील. वाक्यं मोठी नकोत. "मला गाठ लागली आहे, बहुतेक साधी असेल, पण दाखवायला जायचंय आणि तुम्ही बरोबर यावं असं वाटतं," एवढं पुरे. दोन कान जास्त असले की बरं असतं, घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचं अर्धं बोलणं ऐकूच येत नाही. ते येऊ शकले नाहीत, किंवा त्यांच्याबरोबर तुम्हाला अधिक दडपण येत असेल, तर बहीण किंवा दुसरं कुणी, पण पसरतं म्हणणारी मैत्रीण नको. कुणीच नसेल तर एकट्या जा. त्यानेही काही अडत नाही, वही-पेन मात्र न्या.

मुलाला आत्ता सांगायलाच हवं असं नाही. अजून सांगण्यासारखं तुमच्याकडे काही नाहीच. त्याने विचारलं तर खोटं बोलू नका, "एक तपासणी करायची आहे, कळलं की सांगते" म्हणा. आणि त्याची परीक्षा तुमच्या तपासणीआड आणू नका. उद्या त्याला कळलं की आई माझ्या परीक्षेसाठी थांबली होती, तर ते ओझं त्याला वाहावं लागेल. तुम्हाला ते नक्कीच नको असेल.

समजा वाईटच निघालं, तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो पत्रभर आहे. त्याच दिवशी कुणी तुम्हाला शस्त्रक्रियेला नेत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला, घरी बोलायला वेळ असतो. गाठ लहान असताना सापडली तर पुष्कळदा स्तन न काढता नुसती गाठ काढतात आणि नंतर रेडिएशन देतात. 2002 मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे 20 वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, एक मिलानमधला आणि दुसरा उत्तर अमेरिकेतला. संपूर्ण स्तन काढलेल्या बायका आणि स्तन राखून उपचार घेतलेल्या बायका सारख्याच जगल्या, असं दोन्हींत दिसलं. "सगळं बदलेल" असं तुम्ही म्हणता. काही गोष्टी बदलतील हे खरं, पण लवकर गेलात तर निवडायला पर्याय जास्त असतील.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. पस्तिशीच्या आतल्या मुलींना बहुधा आधी फक्त सोनोग्राफी सांगतात, कारण तरुण स्तन घट्ट असतो. मॅमोग्राफी केली नाही म्हणून दुर्लक्ष झालं असं समजू नका. बाळाला पाजणाऱ्या आयांनी "दुधाची गाठ असेल" म्हणून आठवडे काढू नयेत. या सगळ्या तपासण्या पाजत असतानाही करता येतात, फक्त तपासणीआधी बाळाला पाजून जा. पुरुषांनाही स्तनांचा कर्करोग होतो, क्वचित, पण होतो, तेव्हा स्तनाग्रामागे कडक गाठ लागलेल्या नवऱ्याला किंवा वडिलांनाही पाठवा. आणि गाठ नसली तरी त्वचेला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडणं, एकाच बाजूच्या स्तनाग्रातून आपोआप रक्त येणं, स्तनाग्रावर बरी न होणारी खपली, हीसुद्धा दाखवायचीच कारणं आहेत.

रिपोर्ट साधा आला तर फाइल नीट जपून ठेवा आणि पुन्हा कधी यायचं ते विचारा. गाठ वाढली, बदलली किंवा नवी लागली, तर "मागच्या वेळी काही नव्हतं" म्हणून थांबायचं नाही.

तोवर गाठ दिवसातून दहादा चाचपू नका. त्याने काही कळत नाही, फक्त जागा दुखरी होते आणि मग ते दुखणं नवी भीती घालतं. उद्या सकाळी चिठ्ठी हातात घेऊन फोन लावा आणि सांगा, "वय 43, डाव्या स्तनात तीन आठवड्यांपासून गाठ आहे, डॉक्टरांनी पाठवलंय, लवकरात लवकरची वेळ हवी." लांबची तारीख दिली तर मधे कुणाची वेळ रद्द झाल्यास बोलवा म्हणून नाव नोंदवा, आणि दुसऱ्या ठिकाणीही विचारा. काय झालं ते मला जरूर लिहा.